लोखंडी नांगर रानात उतरवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

कामशेत : मावळात भाताच्या चिखलणीला आता पॉवर टिलर फिरतो. पण लाकडी नांगराच्या काळात देशातच घडवलेला लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती दिला तो लक्ष्मणराव किर्लोस्करांनी.

जन्म १८६९ चा, गुर्लहोसूरचा. मुंबईत आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. बढती डावलली म्हणून नोकरी सोडली. बेळगावात भावासोबत सायकलचा धंदा केला, मग कडबा कापायचे यंत्र बनवले. १९०३ ला नांगर तयार झाला. पण लोखंडाने जमीन नासते, ही शेतकऱ्यांची भीती. दोन वर्षे गिऱ्हाईक फिरकले नाही. लक्ष्मणराव मागे हटले नाहीत.

१९१० ला औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिले. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली, नांगर गावोगाव पोचला. १९५६ ला ते गेले.

नवं अवजार नाकारण्याआधी एकदा रानात चालवून बघावं.