मेंदूची हाक ऐकणारे एड्रियन

नवरात्रात अमरावतीस अंबादेवीची यात्रा भरते. गर्दीत आईचा हात सुटलेले मूल गोंगाटातूनही आईची हाक ओळखते. कारण ती हाक पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी तीच असते. मेंदूतून येणारी अशीच मंद हाक ऐकण्यात एका थोर शास्त्रज्ञाने आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव एडगर एड्रियन.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८८९ रोजी लंडन येथे झाला. १९०८ साली ते केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाले. पंडित नेहरूही त्या काळी तेथेच शिकत होते. एड्रियन पुढे डॉक्टर झाले व पहिल्या महायुद्धात त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले. युद्ध संपताच ते केंब्रिजला परतले. डोळा, कान, त्वचा ही इंद्रिये मेंदूस वार्ता कशी कळवितात, हा एकच प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता.

मज्जातंतूंतून विजेचे अतिसूक्ष्म स्पंद जातात. स्पर्श जोराचा असला, तर स्पंद मोठा होत नाही. स्पंदांची संख्या मात्र वाढते, हे एड्रियन यांनी सिद्ध केले. १९३२ साली त्यांना शेरिंग्टन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

एकदा अंधाऱ्या खोलीत ते एका भेकाच्या डोळ्याच्या मज्जातंतूवर प्रयोग करीत होते. ध्वनिवर्धकातून सारखी खरखर येऊ लागली. यंत्र बिघडले असावे, असे कोणासही वाटले असते. एड्रियन यांनी मात्र ती खरखर आणि आपली हालचाल ताडून पाहिली. ते हलले की खरखर होई! भेकाचा डोळा त्यांनाच पाहत होता.

जर्मन शास्त्रज्ञ बर्गर यांनी मेंदूच्या विद्युत्‌लहरींची नोंद १९२९ साली प्रसिद्ध केली होती. पण तिच्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नव्हता. १९३४ साली एड्रियन यांनी स्वतःच्या डोक्यास तारा जोडून घेतल्या. डोळे मिटताच सेकंदाला सुमारे दहा लहरी उमटत. उघडताच त्या लोपत. सर्वांची खात्री पटली.

तथापि एका लहानशा स्पर्शाला मेंदू देतो ते उत्तर या लहरींत बुडून जाते. म्हणून जॉर्ज डॉसन यांनी तोच स्पर्श अनेकदा करून सर्व नोंदींची सरासरी काढणारे यंत्र १९५१ साली लंडन येथे दाखविले. इतर लहरी कधी वर, कधी खाली जातात. सरासरीत त्या एकमेकींस पुसून टाकतात. उत्तर मात्र दर वेळी ठरल्या क्षणी येते, म्हणून ते उरते. शंभर नोंदी घेतल्या, तर गोंगाट सुमारे एक दशांश होतो. आज याच रीतीने, निजलेल्या तान्ह्या बाळाला ऐकू येते की नाही, हे डॉक्टरांस कळते. दोष वेळीच ध्यानात आला, तर ते मूल बोलावयास शिकू शकते.

४ ऑगस्ट १९७७ रोजी एड्रियन निवर्तले. ज्या खरखरीकडे दुसऱ्याने दुर्लक्ष केले असते, तीत त्यांनी उत्तर शोधले. बाळाच्या कानाशी हजारदा तोच मंद नाद करून मेंदूच्या उत्तराची वाट पाहणारा डॉक्टर आज त्यांच्याच मार्गाने चालला आहे.