पाणबुड्यांचे कैवारी डॉ. जॉन स्कॉट हॉल्डेन

साताऱ्यास माहुलीच्या संगमावर किंवा सांगलीस कृष्णेच्या घाटावर पोहावयास शिकलेल्या मुलांस बुडी मारण्याचे भय ते कसले? दम धरून खाली जावे, तळाची वाळू मुठीत घ्यावी व उसळी मारून वर यावे, हा त्यांचा खेळच होय. अलीकडे सुटीत पुष्कळ कुटुंबे मालवणास जातात आणि पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रतळाची शोभा पाहून येतात. त्या बुडीत मात्र एकदम उसळी मारून वर येणे म्हणजे प्राणाशी खेळणे आहे. हे असे का, व वर यावे तरी कसे, हे ज्यांनी हिशेबाने शोधून काढले, त्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहोत.

जॉन स्कॉट हॉल्डेन यांचा जन्म इ. स. १८६० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. तेथील विद्यापीठातून १८८४ साली त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. दवाखाना थाटून द्रव्य जोडणे त्यांस कठीण नव्हते. परंतु त्यांचे चित्त वेधले ते मनुष्याच्या श्वासाने. डंडी शहरातील गरिबांची कोंदट घरे, शाळांचे वर्ग, इतकेच काय, गटारे यांतील हवा त्यांनी तपासली. पुढे ऑक्सफर्ड येथे राहून त्यांनी हेच कार्य चालविले. १८९६ साली वेल्समधील एका कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. मृतांपैकी बहुतेक मजूर स्फोटाच्या तडाख्याने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने मेले, हे त्यांनी सिद्ध केले. हा वायू ओळखण्यासाठी लहान प्राणी खाणीत न्यावेत, ही सूचना त्यांचीच. तो वायू शरीरावर काय करतो हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःच तो हुंगला. धोक्याचा प्रयोग प्रथम आपल्या देहावर करावयाचा, हा त्यांचा बाणा होता.

त्या काळी पाणबुडे तांब्याचे शिरस्त्राण घालून समुद्रात उतरत व होडीवरील पंपाने त्यांस नळीवाटे हवा पुरविली जाई. खोल जाऊन वर आलेल्या कित्येकांचे सांधे असह्य दुखत, कित्येक पांगळे होत, तर कित्येक मरत. याचे कारण पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली दाखविले होते. खोल पाण्यातील दाबामुळे हवेतील नायट्रोजन रक्तात व मांसात मुरतो. गोळीच्या सोड्याची बाटली फोडताच जसे बुडबुडे उसळतात, तसेच मनुष्य एकदम वर आला असता ते शरीरात उठतात. कारण कळले; पण किती हळू वर यावे, हे कोणी खात्रीने सांगेना.

ब्रिटिश आरमाराने हा प्रश्न हॉल्डेन यांच्याकडे सोपविला. लंडनमध्ये एका पोलादी कोठडीत बकऱ्या ठेवून दाब वाढवावा, मग तो निरनिराळ्या रीतींनी उतरवावा, असे प्रयोग त्यांनी केले. बकरी दुखरा पाय उचलून धरी, तिची व्यथा तत्काळ ध्यानी येई. त्यांतून हॉल्डेन यांनी असा नियम बसविला की, एकूण दाब निम्मा होईपर्यंत वर येण्यास हरकत नाही; तेथून पुढे मात्र टप्प्याटप्प्याने थांबत यावे. समुद्रात दर ३३ फुटांस एक वातावरणाचा दाब वाढतो. ९९ फुटांवर हवेचा धरून चार वातावरणे होतात. म्हणून तेथून ३३ फुटांपर्यंत यावे, आणि मग पायरी पायरीने थांबावे.

कोठडीतले शास्त्र समुद्रात टिकते की नाही, हे पाहण्याकरिता १९०६ च्या ऑगस्टात ते स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले. तेथील समुद्र ऐन उन्हाळ्यातही गारठ्याचा. स्पँकर या आरमारी जहाजावरून लेफ्टनंट डॅमंट व गनर कॅटो हे दोघे उतरले. किती खोल जावयाचे, तेथे किती मिनिटे राहावयाचे, पंपाने किती हवा द्यावयाची आणि येताना कोठे किती थांबावयाचे, हे सारे उतरण्यापूर्वीच ठरलेले असे. शेवटी ते २१० फूट खोल जाऊन सुखरूप परतले. आमच्या जिल्ह्यातील कोयना धरणाची भिंत सुमारे ३३८ फूट उंच आहे. तिच्या निम्म्याहून अधिक झाली ही खोली! त्याच मोहिमेत हॉल्डेन यांचा तेरा वर्षांचा पुत्र जॅक हाही एकदा पाण्यात उतरला. पोशाख त्याच्या मापाचा नसल्याने गार पाणी आत शिरले, तरी तो डगमगला नाही. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून विख्यात झाला, भारताचा नागरिक झाला व १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तला.

१९०८ साली हॉल्डेन यांनी आपली कोष्टके प्रसिद्ध केली व त्यांनी असंख्य पाणबुड्यांचे प्राण वाचविले. १९१५ मध्ये महायुद्धात विषारी वायू सुटला, तेव्हा तो ओळखण्यास ते रणभूमीजवळ धावले. १९३६ साली, ७५ व्या वर्षी, ऑक्सफर्ड येथे त्यांचा देहान्त झाला. पुढील शास्त्रज्ञांनी त्यांच्या आकड्यांत सुधारणा केल्या. परंतु आजच्या पाणबुड्याच्या मनगटावरील यंत्र जो हिशेब करते, त्याचा पाया त्यांनीच घातला.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? थंड समुद्रात बुडीचा बेत करणाऱ्याने जाड पोशाख, सोबती, खोली, वेळ व परतीचे टप्पे किनाऱ्यावरच निश्चित करावेत. कारण गारठलेल्या शरीरातून नायट्रोजन सावकाश निघतो. मिनिटास ३० फुटांहून वेगाने वर येऊ नये, व १५ फुटांवर तीन मिनिटे थांबावे.

आणखी एक गोष्ट आमच्या पालकांस आवर्जून सांगावीशी वाटते. पाण्याबाहेर आल्याने बुडी संपत नाही. मालवण समुद्रकाठी आहे. सांगली सुमारे १,८०० फूट, सातारा २,००० फुटांहून अधिक, तर महाबळेश्वर सुमारे ४,५०० फूट उंचीवर आहे. घाट चढताना हवेचा दाब उतरतो व शरीरात उरलेला वायू पुन्हा बुडबुडे धरू शकतो. एका बुडीनंतर निदान १२ तास, व अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानात बसू नये असा संकेत आहे. घाटासही तोच लावणे शहाणपणाचे. म्हणून त्या रात्री किनाऱ्यावरच मुक्काम करावा. परतण्याची घाई करू नये, हेच हॉल्डेन यांनी आयुष्य वेचून शिकविले. त्यांचे स्मरण करून एक रात्र थांबणे आम्हांस जड जाऊ नये.