द्रवातून शक्ती वाहून नेणारे फ्योटिंगर

सिग्नलपाशी ऑटोमॅटिक मोटार उभी असते. इंजिन चालू असते, गाडी गिअरमध्ये असते, तरी चाके स्थिर असतात. चालकाने ब्रेकवरचा पाय उचलताच गाडी हलकेच पुढे सरकते. अशा मोटारीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेटऐवजी तेलाने भरलेले, बंद डब्यासारखे एक यंत्र असते. टॉर्क कन्व्हर्टर हे त्याचे नाव. त्याचे जनक, जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांनी ते घडवले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मोटार नव्हती, जहाज होते.

फ्योटिंगर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ रोजी न्यूरेंबर्ग येथे झाला. म्युनिचमध्ये विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून १८९९ मध्ये ते बाल्टिक किनाऱ्याजवळच्या स्टेटिन येथील व्हल्कन या जहाजबांधणी कंपनीत रुजू झाले. त्या काळी जहाजांत वाफेची टर्बाइन नुकतीच येऊ लागली होती. टर्बाइन वेगाने फिरली तरच किफायतशीर ठरते. उलट पाण्यातला पंखा संथ फिरला तरच चांगले काम देतो. शिवाय टर्बाइन उलटी फिरवता येत नाही, आणि जहाजाला तर मागेही जावे लागते. एवढी प्रचंड शक्ती पेलू शकतील असे दातेरी गिअर तेव्हा उपलब्ध नव्हते.

विद्युत अभियंत्याला साजेसा विचार फ्योटिंगर यांनी प्रथम केला. टर्बाइनने जनित्र फिरवावे आणि त्या विजेवर पंख्याची मोटर चालवावी, अशी ती कल्पना होती. पण ही यंत्रे फारच अवजड झाली असती. मग विजेच्या जागी त्यांनी पाणी कल्पिले. जनित्राऐवजी पंप आणि मोटरऐवजी जलटर्बाइन. त्यातही अडचण होतीच. पंप, त्याचे कवच, नळ, पुन्हा टर्बाइनचे कवच, अशा लांब वाटेवर पाण्याची बरीच शक्ती वाया जाते. फ्योटिंगर यांनी ही मधली वाटच काढून टाकली. पंपाचे चाक आणि टर्बाइनचे चाक त्यांनी एकाच कवचात समोरासमोर आणले. एका चाकातून निघालेला प्रवाह थेट दुसऱ्यात शिरू लागला. मध्ये न फिरणाऱ्या पात्यांचे तिसरे चाक बसवले. त्यालाच आज स्टेटर म्हणतात. प्रवाहाची दिशा तो वळवतो आणि त्यामुळे बाहेर पडणारे वळणबल आत दिलेल्या बलाहून अधिक होते. स्टेटर काढून टाकला तर उरते ती केवळ द्रवजोडणी, म्हणजे फ्लुइड कपलिंग. या शोधाच्या पेटंटसाठी त्यांनी १९०५ मध्ये अर्ज केला.

१९०९ मध्ये एका प्रायोगिक बोटीवर हे यंत्र चालवून पाहण्यात आले. त्याच वर्षी फ्योटिंगर डान्झिग येथील तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. १९१३ मध्ये ‘क्योनिगिन लुईझे’ या प्रवासी जहाजावर त्यांची यंत्रणा बसली. मात्र या जहाजाला अल्पायुष्य लाभले. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच ते सुरुंग पेरण्यासाठी धाडले गेले आणि ५ ऑगस्टला ब्रिटिश युद्धनौकांच्या माऱ्यात बुडाले. दरम्यान मोठ्या शक्तीचे अचूक दातेरी गिअर तयार होऊ लागले होते. शक्तीची गळती त्यांत कमी होती. ज्या कामासाठी हा शोध लागला, त्याच कामात तो मागे पडला.

१९२४ मध्ये फ्योटिंगर बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात आले. त्यांच्या नावावरील पेटंटांची संख्या शंभराहून अधिक भरली. इकडे त्यांची कल्पना रस्त्यावर उतरली. १९३० मध्ये ब्रिटनच्या डेमलर मोटारींत द्रवजोडणी आली. १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींत ती ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशी जोडली गेली. खरा टॉर्क कन्व्हर्टर असलेली ब्युइक १९४८ मध्ये विक्रीस आली. ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. बर्लिनच्या अखेरच्या लढाईत, २८ एप्रिल १९४५ रोजी, तोफगोळ्याची कपची लागून त्यांचा मृत्यू झाला.

चाके एकमेकांच्या निकट आणण्यात या शोधाचे सारे मर्म आहे, आणि कन्व्हर्टर बसवणाऱ्या मेकॅनिकला आजही तेच सांभाळावे लागते. नवा कन्व्हर्टर बसवण्यापूर्वी त्यात थोडे तेल ओततात. मग तो हलके फिरवत गिअरबॉक्समध्ये सरकवतात. आत तीन जागी मेळ जमावा लागतो : स्टेटर त्याच्या स्थिर नळीवर, टर्बाइन इनपुट शाफ्टवर आणि कन्व्हर्टरची मान तेलपंपाच्या खाचांत. प्रत्येक टप्प्याला तो आणखी थोडा आत जातो. गिअरबॉक्स इंजिनाला पूर्ण भिडल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि तो व इंजिनाची फ्लेक्सप्लेट यांच्यात काही मिलिमीटरची फट उरली पाहिजे. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत असतो. ही फट नसेल तर शेवटचा टप्पा हुकलेला असतो. अशा वेळी बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतला, तर कन्व्हर्टर तेलपंपावर दाबला जातो. पंप फुटला की तेलाचा दाब नाहीसा होतो आणि गाडी जागची हलत नाही.

शक्तीच्या गळतीचा जुना आक्षेपही संपलेला नाही. म्हणूनच आताच्या बहुतेक कन्व्हर्टरमध्ये, गाडीने वेग घेतल्यावर दोन्ही चाके एकत्र जखडणारा क्लच असतो. मात्र उभ्या गाडीला धक्का न देता पुढे नेण्याचे काम अजूनही फ्योटिंगर यांची तीन चाकेच करतात.