चार्लस केटरिंग आणि मोटारीची ठिणगी

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. शनिवार पेठेंतील एका गल्लींत आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांची जुनी पद्मिनी मोटारगाडी सकाळीं कांहीं केल्या सुरू होईना. ही गाडी पूर्वीं कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होत असे. तें काम बंद पडून बरींच वर्षें लोटलीं, आणि २०२३ सालीं मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या टॅक्सीही नाहींशा झाल्या. जमलेल्या मंडळींनीं बॅटरी गेली असा एकमुखानें निकाल दिला, व चार मुलांनीं ती गाडी शनिवारवाड्याच्या पटांगणापर्यंत ढकलीत नेली. आम्हींही त्या पुण्यकर्मास हात लाविला. फळ शून्य. अखेर एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनीं प्रथम पुढचे दिवे लावून पाहिले, मग सेल्फ मारला, क्षणभर कान दिला, आणि डेल्को उघडावयास घेतला.

डेल्को म्हणजे काय, हें मुलांना ठाऊक नव्हतें. ज्या डबीमधून चारही प्लगांना पाळीपाळीनें वीज वांटली जाते तिला ते मिस्त्री या नांवानें ओळखीत होते. हा शब्द एका कंपनीच्या नांवांतील अक्षरें जुळवून झालेला आहे. ती कंपनी काढणाऱ्या गृहस्थांचें चरित्र आपल्या वाचकांस सांगावें, असें त्याच सकाळीं आमच्या मनांत आलें.

चार्लस फ्रँकलिन केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत, लाउडनव्हिल गांवाजवळ, एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. लहानपणापासून त्यांचे डोळे अधू होते. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनीं कांहीं काळ खेड्यांतील शाळेंत शिक्षकाचें काम केलें. (शिक्षकांस यंत्रांतलें कांहीं कळत नाहीं असें म्हणणाऱ्या पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें.) पुढें ते विश्वविद्यालयांत गेले, परंतु डोळ्यांच्या व्यथेमुळें अभ्यास अर्ध्यावर सोडावा लागला. तेव्हां टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या व तारा ओढणाऱ्या टोळींत त्यांनीं नोकरी धरली. डोळ्यांस विसावा मिळाल्यावर ते परत फिरले. सोबती पुस्तकें वाचून दाखवीत, आणि ते ऐकून शिकत. १९०४ सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्यांना विद्युत्-एंजिनिअरिंगची पदवी मिळाली.

डेटन शहरांतील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनींत त्यांना काम मिळालें. दुकानांतील गल्ल्याचें यंत्र तेव्हां हातानें फिरवावें लागे. केटरिंग यांनीं १९०६ सालीं त्यास विजेची लहानशी मोटर बसविली. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण तिचा पुढें फार उपयोग झाला. १९०९ सालीं एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनीं डेटन एंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी स्थापिली. तिचेंच संक्षिप्त रूप डेल्को. आरंभींचें काम डीड्स यांच्या घरामागील कोठारांत, नोकरीवरून आल्यावर रात्रीं चाले.

तेथें प्रथम ठिणगीचा प्रश्न सुटला. बॅटरीची वीज कॉइलमधील जाड तारेच्या वेटोळ्यांतून वाहते. पॉइंट उघडतांच ती एकाएकीं तुटते, आणि त्या तुटण्यानेंच शेजारच्या बारीक तारेच्या वेटोळ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन प्लगच्या टोंकाशीं ठिणगी उडते. कॅडिलॅक कंपनीचे हेन्री लेलँड यांनीं असे ८,००० संच मागविले. पुढें कित्येक दशकें पेट्रोलच्या गाड्या याच पद्धतीनें पेटत राहिल्या. आजोबांची पद्मिनीही त्यांतलीच.

दुसरा प्रश्न अधिक बिकट होता. त्या काळीं गाडी सुरू करण्यास समोर उभें राहून लोखंडी हँडल फिरवावें लागे. ठिणगी वेळेआधीं पडली तर एंजिन उलटा झटका देई, आणि मनगट, हात, प्रसंगीं जबडाही मोडे. कित्येकांना गाडी हांकतां येत असूनही केवळ हँडलाच्या भीतीनें ती बाळगतां येत नसे. विजेच्या मोटरीनें एंजिन फिरवावें तर ती मोटर एंजिनाएवढीच मोठी लागेल, असा जाणत्यांचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. प्रश्न चुकीचा होता. मोटर दिवसभर थोडीच फिरावयाची आहे! गल्ल्याच्या यंत्राप्रमाणें तिनें कांहीं क्षण आपल्या कुवतीबाहेर जोर केला कीं पुरे, हें केटरिंग यांनीं ओळखलें. १९११ सालीं प्रयोग यशस्वी झाला, व १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या हँडलावांचून सुरू होऊं लागल्या. एकदां एंजिन चालूं लागलें कीं तेंच यंत्र उलट वीज निर्माण करून बॅटरी भरी.

आतां आमच्या मिस्त्रींनीं काय केलें तें पाहूं. दिवे लख्ख होते आणि सेल्फ एंजिनास जोरानें फिरवीत होता; म्हणजे बॅटरी निर्दोष. सेल्फ मारतांच दिवे अगदीं मंदावले असते, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोंकांवर पांढरा-हिरवा थर चढला आहे, असें त्यांनीं मानलें असतें. दिवे जसेच्या तसे राहून नुसता खट् आवाज आला असता, तर संशय सेल्फकडे गेला असता. येथें दोष ठिणगीच्या वाटेवर होता. डेल्कोचें झांकण काढलें तों आंत पावसाळी हवेचा दमटपणा, आणि पॉइंट काळे पडलेले. ओलाव्यावरून वीज प्लगाकडे न जातां भलतीकडेच पळत होती. त्यांनीं कोरड्या फडक्यानें झांकण पुसलें, बारीक पॉलिश कागदानें पॉइंट घांसले, त्यांमधील फट पात्यानें मोजून बसविली, आणि एंजिन पहिल्या खेपेस पेटलें. आजोबांस मात्र त्यांनीं बजाविलें कीं सेल्फ कांहीं क्षणच मारावा, आणि मध्यें विसांवा द्यावा. कारण उघड आहे: ती मोटर क्षणभराच्याच श्रमासाठीं बनविलेली.

१९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधनाचे प्रमुख होते. तेथें सर्वच यश नव्हतें. तांब्याच्या पट्ट्यांनीं हवेवर थंड राहणारें एंजिन त्यांनीं मोठ्या हौसेनें तयार केलें. १९२३ सालीं त्या गाड्या परत मागवाव्या लागल्या. याहून गंभीर गोष्ट पेट्रोलची. एंजिनांतील खटखट थांबविण्यासाठीं त्यांचे सहकारी टॉमस मिजली यांनीं १९२१ सालीं पेट्रोलांत शिशाचें संयुग मिसळण्याची युक्ति काढली. १९२४ सालीं न्यू जर्सींतील कारखान्यांत त्या विषानें भ्रमिष्ट होऊन कामगार दगावले. तरीही केटरिंग यांनीं तिचा पुरस्कार सोडला नाहीं. इतरांच्या हिशेबांतील चूक तत्काळ हेरणाऱ्या या गृहस्थांनीं येथें डोळेझांक केली, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें. १९४५ सालीं न्यूयॉर्क येथें कर्करोगाच्या संशोधनासाठीं निघालेल्या संस्थेस त्यांचें नांव जोडलेलें आहे, हेंही सांगितलें पाहिजे.

२५ नोव्हेंबर १९५८ रोजीं डेटन येथें त्यांचें निधन झालें. शिसें मिसळलेलें पेट्रोल भारतांत २००० सालीं बंद झालें. आजोबांची पद्मिनी त्यापूर्वीं कित्येक वर्षें त्याच पेट्रोलावर शनिवार पेठेंत धांवत होती.