बीथोव्हेनच्या केसांतील शिसे

ऑक्टोबर 1802. व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या खेड्यात लुडविग व्हान बीथोव्हेन हा तरुण संगीतकार विश्रांतीसाठी राहिला होता. वय अवघे 31, कीर्ती वाढत असलेली. पण कान मात्र दिवसेंदिवस निकामी होत चालले होते. तेथे त्याने आपल्या दोघा धाकट्या भावांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. आपल्या मृत्यूनंतर प्राध्यापक श्मिट या डॉक्टरांनी आपल्या व्याधीचे वर्णन लिहून या पत्राला जोडावे, म्हणजे निदान मरणोत्तर तरी जगाचा आपल्याविषयीचा गैरसमज दूर होईल, अशी विनंती त्याने त्यात केली होती. पत्र कधीच धाडले गेले नाही. त्याच्या मृत्यूनंतर ते कागदपत्रांत सापडले, तेव्हा डॉ. श्मिट यांना जाऊन 18 वर्षे झाली होती.

बीथोव्हेनचा बाप्तिस्मा जर्मनीतील बॉन येथे 17 डिसेंबर 1770 रोजी झाला. वडील योहान हे दरबारी गायक. पण दारूच्या पूर्ण आहारी गेलेले. मुलाने मोझार्टसारखा बालचमत्कार ठरावे या हव्यासापायी त्यांनी त्याला पियानोपुढे निर्दयपणे राबविले. 1787 मध्ये आई क्षयाने गेली आणि घराचा भार किशोरवयातच त्याच्यावर येऊन पडला. 1792 मध्ये तो हेडनचा शिष्य म्हणून व्हिएन्नात आला तो कायमचाच.

1798 च्या सुमारास कानांत सतत आवाज घुमू लागला, वरचे स्वर ऐकू येईनासे झाले. त्याच्या जोडीला पोटशूळ आणि अतिसार यांनी त्याला ग्रासले. डॉक्टर बदलले, डॅन्यूबच्या कोमट पाण्याची स्नाने झाली, दंडांवर झाडाच्या सालीचे दाहक लेप बांधून फोड आणले गेले. उपयोग शून्य. लोकांत मिसळणे त्याने टाळले आणि व्हिएन्नाने त्याला तिरसट, माणूसघाणा ठरविले. 1818 पासून भेटीस येणारे वहीत लिहून त्याच्याशी बोलत. 7 मे 1824 रोजी नवव्या सिम्फनीचा पहिला प्रयोग संपला तेव्हा त्याची पाठ श्रोत्यांकडे होती. टाळ्यांचा कडकडाट त्याला ऐकू येत नव्हता. कॅरोलिन उंगर या गायिकेने त्याला वळविले तेव्हा तो त्याला दिसला.

डिसेंबर 1826 मध्ये भावाच्या शेतावरून पुतण्यासह कडाक्याच्या थंडीत परतताना त्याला ताप भरला. पुढे कावीळ झाली, पोटात पाणी साचले. ते चार वेळा छिद्र पाडून काढावे लागले. माइन्झहून मागविलेली वाइन पोहोचली ती 24 मार्च 1827 रोजी. फार उशीर झाला, अशी हळहळ त्याने व्यक्त केली. 26 मार्चला तो गेला. दुसऱ्या दिवशीच्या शवविच्छेदनात यकृत आक्रसून निम्मे झालेले व गाठींनी भरलेले आढळले.

त्या काळी थोरांच्या केसांची बट आठवण म्हणून कापून नेण्याची प्रथा होती. फर्डिनांड हिलर या 15 वर्षांच्या विद्यार्थ्यानेही एक बट घेतल्याची नोंद आहे. तीच समजली गेलेली बट 1943 मध्ये डेन्मार्कमध्ये ज्यू निर्वासितांना आश्रय देणाऱ्या एका डॉक्टरांच्या हाती आली आणि 1994 मध्ये लिलावातून अमेरिकेतील बीथोव्हेनप्रेमींनी ती विकत घेतली.

केसांची तपासणी का, हे समजून घ्यायला हवे. रक्तातील शिसे काही आठवड्यांत ओसरू लागते. मात्र वाढत्या केसाच्या मुळाशी रक्त पोहोचते तेव्हा त्यातील धातू केसातील गंधकयुक्त प्रथिनाला चिकटून बसतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे काही महिन्यांची नोंदवहीच तयार होते. अर्थात धूळ आणि हाताळणी यांमुळे बाहेरूनही धातू चिकटतात. त्यामुळे जिवंत रुग्णात शिशाच्या बाधेचे निदान करताना आजही भरवसा ठेवला जातो तो रक्ततपासणीवर. दोनशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे रक्त मात्र कोठून आणणार?

2000 मध्ये हिलरच्या बटेतील केस अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत क्ष-किरणांखाली तपासले गेले. शिसे सामान्याच्या सुमारे 100 पट निघाले, पारा सापडला नाही. शिशाने बीथोव्हेनला मारले, अशी बातमी जगभर गेली. पारा नाही म्हणजे त्या काळी पाऱ्याने उपचार केला जाणारा उपदंश त्याला नसावा, असा तर्कही लढविला गेला. पुढे व्हिएन्नातील एका तज्ज्ञाने याच केसांवरून शेवटच्या महिन्यांत औषधोपचारांतून शिसे शरीरात गेल्याचा आलेखही मांडला.

मार्च 2023 मध्ये या साऱ्याचा पायाच ढासळला. बीथोव्हेनच्या म्हणून जपलेल्या आठ बटांच्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध झाली. पाच बटा एकाच पुरुषाच्या, बीथोव्हेनच्याच असल्याचा निर्वाळा मिळाला. हिलरची बट मात्र एका स्त्रीची निघाली! उपकरणांनी शिसे मोजले होते ते बरोबरच. फक्त ते कोणा अनाम बाईच्या अंगातले होते.

खऱ्या ठरलेल्या बटांपैकी एकीची हकिकत मोठी गमतीची आहे. आंतोन हाल्म या पियानोवादकाच्या पत्नीला बीथोव्हेनचे केस हवे होते. कोणी थट्टेने तिला बोकडाच्या दाढीचे केस पाठविले. हे कळताच संतापलेल्या बीथोव्हेनने 1826 मध्ये आपले केस कापून हाल्मच्या हाती स्वतः दिले.

ही आणि आणखी एक अस्सल बट अमेरिकेतील मायो क्लिनिकच्या प्रयोगशाळेत तपासली गेली आणि निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. सामान्यतः केसाच्या एका ग्रॅममध्ये चार मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे असते. एका बटेत ते 258, तर हाल्मच्या बटेत 380 मायक्रोग्रॅम भरले. आर्सेनिक सामान्याच्या 13 पट आणि पारा चौपट होता. पाऱ्याच्या अभावावर उभारलेला जुना तर्कही त्यामुळे निराधार ठरला. यावरून बीथोव्हेनच्या रक्तात दर डेसिलीटरला 69 ते 71 मायक्रोग्रॅम शिसे असावे, असा अंदाज बांधण्यात आला.

एवढे शिसे आले कोठून? संशय मुख्यतः वाइनवर आहे. स्वस्त वाइन गोड करण्यासाठी तीत शिशाचा क्षार घालण्याची तेव्हा सर्रास पद्धत होती आणि बीथोव्हेन रोज वाइन पीत असे. पारा आणि आर्सेनिक दूषित डॅन्यूबमधील माशांतून आले असावेत, असा कयास आहे.

एवढ्या शिशाने पोटाचे विकार जडू शकतात, ऐकण्याची शक्तीही घटू शकते. पण केवळ तेवढ्याने मृत्यू ओढवला नसावा, असे संशोधकांचे मत आहे. यकृताचा विकार बळावणारा आनुवंशिक दोष आणि हेपॅटायटिस बी विषाणूचा संसर्ग यांच्या खुणा 2023 च्या डीएनए तपासणीतच मिळाल्या होत्या. बहिरेपणाचे कारण मात्र त्या डीएनएत सापडले नाही.