मार्लवाईचे हायमेनडॉर्फ

आदिलाबादच्या डोंगरदऱ्यांत मार्लवाई ही गोंडांची वस्ती आहे. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ जन्मले व्हिएन्नात, १९०९ साली. महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरल्याने त्यांना निजामाच्या राज्यात राहावे लागले. १९४० मध्ये कोमरम भीम पोलिसांच्या गोळीला बळी पडले, तेव्हा कुठे सरकारने गोंडांची स्थिती पाहण्यास यांना पाठविले. (सरकारी खात्यांची ही रीत आम्हां नोकरदारांना ओळखीची!) पत्नी बेटीसह ते मार्लवाईत राहिले. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले. १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. गोंडी वाचनपुस्तके निघाली ती देवनागरीत, कारण शिकलेल्या मोजक्या गोंडांना मराठी येत असे. बेटी १९८७ साली वारल्या, समाधी मार्लवाईतच. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला गेले. २०१२ मध्ये मुलाने त्यांच्या अस्थी आणून आईशेजारी ठेवल्या.