कमलाताई होस्पेट

धरमपेठेत सुनेला दिवस गेले की चांगली डॉक्टरीण कोणती, ही चौकशी चार घरी होते आणि चार नावे मिळतात. शंभर वर्षांमागे नागपुरात अशी चौकशी करायला कोणी जात नसे. डफरिन दवाखाना होता, पण घरंदाज बायका तिथे जायला भीत. पुरुष डॉक्टर तर नकोच. मग घरातली अंधारी खोली, बाज, शेगडी आणि सुईण. हाती लागेल त्या विळ्याने नाळ कापायची. त्यातून आईला ताप भरे, नाहीतर बाळाला धनुर्वात होई, आणि घरची माणसे नशिबाला बोल लावीत.

कमलाताईंचा जन्म १८९६ सालचा, खानदेशातील शिरपूरचा. माहेरचे नाव यमुना मोहोनी. लहान वयात लग्न झाले आणि लहान वयातच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीने घरच्यांची उष्टीखरकटी काढीत जन्म घालवायचा. कमलाताईंनी डफरिनमध्ये जाऊन परिचारिकेचे व सुईणपणाचे शिक्षण घेतले. पांढरपेशा घरातील मुलीने बाळंतिणीचे रक्त धुवायचे, हे लोकांना कसे रुचावे? मला मात्र एका गोष्टीचे नवल वाटते. डोहाळजेवणाला, बारशाला विधवेला पुढे येऊ देत नसत. पण जन्मलेल्या बाळाला पहिला हात लागे तो कमलाताईंचा!

१९२१ साली त्यांनी सीताबर्डीवर मातृसेवा संघ काढला. खाटा अवघ्या चार. जोडीला वेणूताई नेने होत्या. आपण कमलाताईंचे नाव घेतो आणि वेणूताईंना विसरतो, हे काही बरे नव्हे. उकळलेली कात्री, स्वच्छ धुतलेले हात, कोरडे कापड, आणि रात्री-अपरात्री जवळ बसणारे बाईमाणूस. एवढ्यावर बायकांचा विश्वास बसला. एकीचे बाळंतपण सुखरूप झाले की तीच जावेला, नणंदेला पाठवी.

पुढे इतर गावीही शाखा निघाल्या. १९५८ साली समाजकार्याचे महाविद्यालय झाले. म्हाताऱ्या माणसांसाठी पंचवटी झाली. १९६१ साली कमलाताईंना पद्मश्री मिळाली आणि १९८० साली जमनालाल बजाज पुरस्कार. १५ नोव्हेंबर १९८१ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी त्या गेल्या.

जन्म कुठला म्हणून विचारले तर बर्डीचा मातृसेवा संघ असे सांगणाऱ्या आपल्या मंडळातही बऱ्याच जणी निघतील.